पानगळीनंतर ओढ्याचं पाणी काळं पडतंय, मोटर पाणी सोडतेय? या क्रमानं तपासा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच का, ते लगेच कळेल.

डोहातलं किंवा बंधाऱ्यामागचं पाणी आधी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि मग काळपट पडत जातं. काठाचा चिखल ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो. पाण्यावर रंगीत तवंग दिसतो आणि कुणीतरी म्हणतं, वरच्या अंगाला कुणाच्या इंजिनातलं डिझेल सांडलं असणार. मोटर सुरू केल्यावर धार चांगली पडते, मग बारीक होत जाते. बंद करून पुन्हा चालू करावी तर पाणी सोडलेलं, म्हणजे पाईपातलं पाणी उतरून गेलेलं आणि मोटर नुसतीच फिरतेय. ठिबकचा फिल्टर रोज धुवावा लागतो, तरी शेवटच्या ओळी कोरड्याच. रस्त्याखालच्या मोरीच्या वरच्या बाजूला पाणी तुंबलेलं, खालच्या बाजूला ओढा आटलेला. पहाटे गेलात तर मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात.

यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसत असतील तर पुढचं तुमच्या कामाचं. पाणी नितळ आहे आणि नुसती मोटरच पाणी सोडतेय, तर दोष पाल्यात शोधू नका. सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाईपाचा, जॉइंट हवा घेत असेल किंवा त्या पाईपाच्या पाण्यातल्या तोंडाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हचा (जाळी आणि झडप) वायसर गेला असेल. तो वेगळा विषय.

मी मोटर आणि पाईपलाईनची कामं करतो. सातारा जिल्ह्यात परळी खोऱ्यातल्या ओढ्यांपासून खाली कोरेगावकडं वसना नदीच्या काठापर्यंत फिरणं असतं. माघ सरत आला की फोन ठरलेला: "अण्णा, मोटर पाणी उचलंना झालीया, जरा येऊन जावा की." जाऊन बघावं तर पंपाला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. पंपाच्या अलीकडं किंवा पलीकडं कुठंतरी ओढा अडलेला असतो.

माघ-फाल्गुनातच का होतं

आपल्याकडं पावसाळा सरला म्हणून लगेच पानं गळत नाहीत. साग, पळस, शिरीष, पिंपळ, कडुनिंब यांची खरी पानगळ जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. थंड मुलखात पानं पडतात ती सप्टेंबर ते नोव्हेंबरात, आणि तेव्हा तिथलं पाणी थंड होत चाललेलं असतं. आपल्याकडं उलटं. ओढ्याची धार बारीक झाली, ऊन चढायला लागलं, की त्याच वेळी वरून पाला पडतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. पाणी तापलं की कुजणं वाढतं आणि त्याला लागणारा प्राणवायू नेमका तेव्हाच कमी असतो.

पान पाण्यात पडलं की पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यातली साखर, टॅनिन आणि बाकीचा विरघळणारा भाग बाहेर येतो. पाण्याचा तांबूस रंग त्याचाच. मग पानाला बुरशी आणि जिवाणू धरतात, पान मऊ पडतं. वाहत्या ओढ्यात एवढं झालं तर ते चांगलंच आहे. खेकडे, गोगलगायी, पाणकिड्यांच्या अळ्या हाच पाला कुरतडून जगतात आणि त्यांच्यावर मासे. ओढ्याच्या कडेचा एखादा दगड उलटून बघा, खाली उंबराचं पान सापडेल, मधला सगळा गर गेलेला आणि शिरांची तेवढी जाळी उरलेली. असं पान सापडलं तर तिथंपर्यंतचा ओढा ठीक आहे म्हणून मी पुढं सरकतो.

बिघाड होतो तो पाणी थांबतं तिथं. पाल्याचा थर तळाला बसतो, जिवाणू तळाजवळचा प्राणवायू संपवतात, वरची हवा खाली पोचत नाही. मग बिनहवेचं कुजणं सुरू होतं. काळा चिखल आणि तो वास, दोन्ही तिथूनच येतात. म्हणून काठावरची झाडं तोडायला कुऱ्हाड घेऊन निघालेल्या माणसाला मी आधी चहा पाजतो. झाड गेलं तर पाणी आणखी तापेल, मुळं गेली तर काठ ढासळून डोहात येईल, आणि पुढच्या फाल्गुनात पुन्हा मलाच फोन.

बिनपैशाच्या तपासण्या

पहिली तपासणी बाटलीची. पारदर्शक बाटलीत डोहाच्या मधलं पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला मातीचा थर आणि वर नितळ पाणी असेल तर तो गाळ आहे. काठ ढासळलाय, जनावरं पाण्यात बसतायत किंवा वर कुठंतरी माती उकरलीय. पाणी आरपार दिसतंय पण तांबूस रंग तसाच, तर तो पाल्याचा अर्क. हिरवं राहिलं तर शेवाळ, आणि त्याचं मूळ पाल्यापेक्षा वरच्या गोठ्याच्या किंवा खताच्या पाण्यात असण्याची शक्यता जास्त. ही तपासणी आधी अशासाठी, की गाळ, पाला आणि शेवाळ या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. शेवाळ समजून पाण्यात मोरचूद ओतणारे लोक मी पाहिलेत. मोरचुदानं शेवाळ एकदम मरतं, मेलेलं शेवाळ कुजायला उरलासुरला प्राणवायू खातं आणि मासे जातात ते वेगळंच. ते करू नका.

दुसरी काडीची. तवंगात काडी फिरवा. तवंग काचेच्या तुकड्यांसारखा फुटून तसाच अलग राहिला, तर तो लोहजिवाणूंचा. बिनहवेच्या चिखलातून लोह विरघळून वर आलंय, एवढाच त्याचा अर्थ. फुटलेला तवंग लगेच पुन्हा एकत्र झाला तर तेल किंवा डिझेल, आणि मग खरंच वरच्या इंजिनाकडं बघायला हवं. भांडणाआधी काडी फिरवलेली बरी.

तिसरी, पाला हातात घेऊन बघा. दरवेळी तो झाडाचाच असतो असं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ऊसतोड जोरात असते आणि तोड झाल्यावर बांधापलीकडं ढकललेलं पाचट ओढ्यातच येतं. पाचट लांब, चिवट, एकमेकांत गुंतणारं. मोरीच्या तोंडाशी त्याची गादी तयार होते आणि त्या गादीवर बाकीचा पाला अडकतो. मोरीचं तोंड साफ करून चार दिवसांत पुन्हा तुंबत असेल तर वरच्या फडाचा मालक शोधा आणि त्याला समजावून सांगा, की पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवलं तर ओल टिकते आणि खतही होतं. पेटवून देणं हा उपाय नाही. राख पावसाच्या पहिल्या सरीला ओढ्यात उतरते आणि पाण्याचा सामू बदलते.

झाडाझाडाच्या पानातही फरक आहे. करंज, उंबर, गिरिपुष्प यांची पानं मऊ, लवकर कुजतात. अशांचा भरपूर पाला एकदम साचला तर प्राणवायू झटक्यात खाली जातो. साग, आंबा, निलगिरी, बांबू यांचा पाला सावकाश कुजतो. पाणी तो लवकर बिघडवत नाही, पण जाळ्या आणि पाईप तोच अडवतो. वास येतोय पण मोटर ठीक, तर मऊ पाला. वास नाही पण मोटर अडतेय, तर चिवट पाला. अगदी काटेकोर नियम नाही हा, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

मग वरच्या अंगाला चालत जा. हे फार कमी लोक करतात. पाणी जिथं नितळ सापडेल तिथं थांबा. दोष ती जागा आणि तुमचा पंप यांच्यामध्ये आहे. पाल्यानं आलेला रंग एकदम एका जागी सुरू होत नाही, डोह-डोह करत वाढतो. एखाद्या नळीच्या किंवा चरीच्या तोंडापासून पाणी अचानक काळं-तांबडं होत असेल आणि साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोडसर वास असेल, तर तो पाला नव्हे. गाळप हंगाम आणि पानगळ एकाच वेळी येतात, त्यामुळं एकाचा दोष दुसऱ्यावर सहज जातो. असं तोंड सापडलं की तिथंच थांबा. तारीख-वेळेसकट फोटो काढा, पाण्याला हात लावू नका, आणि ग्रामपंचायत व प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. पुढचं काम त्यांचं.

हात आणि काठी लागणारी कामं

ओढा अडलाय ती जागा नव्वद टक्के वेळा रस्त्याखालची मोरी, बंधाऱ्याचं तोंड किंवा पडलेलं झाड असते, असं धरून चाला. मोरी साफ करताना काठावर उभं राहून लांब दांड्याच्या आकड्यानं किंवा फावड्यानं थोडा थोडा पाला ओढा. पाणी बरंच तुंबलेलं असेल तर खालच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही. गादी सुटली की पाणी एकदम येतं. नळीत उतरायचं नाही, सडपातळ पोरालाही उतरवायचं नाही. पाल्याच्या ढिगात हात घालायच्या आधी काठीनं ठोका. परळी, जावळी, पाटण या भागात सुक्या पाल्यात फुरसं आणि घोणस असतात, आणि ती पाल्याच्याच रंगाची असतात.

काढलेला पाला काठावर टाकलात तर काम फुकट. एप्रिल-मेमध्ये वळवाचा एक पाऊस झाला की तो सगळा पुन्हा ओढ्यात, आणि तोही एकदम. पहिल्या वळवानंतर मेलेले मासे दिसतात त्यामागं बऱ्याचदा हेच असतं: कोरड्या पात्रात साठलेला सगळा पाला, शेण, राख एका सरीत डोहात. ढीग पूररेषेच्या वर, खतखड्ड्यात टाका किंवा आंब्याच्या आळ्यात पसरा. भातवाले राबासाठी (रोपांची जागा भाजायला) घेऊन जातात, तेही उत्तम.

एक मात्र लक्षात ठेवा. अख्खा ओढा झाडून चकाचक करू नका. अडलेल्या जागा मोकळ्या करा, वाहत्या भागातला पाला तसाच राहू द्या. त्याच्यावर जगणारे खेकडे आणि किडे राहिले तर पुढच्या वर्षीचा बराच पाला ते स्वतःच संपवतील.

पंप आणि फिल्टर

ओढा मोकळा झाला आणि तरी मोटर पाणी सोडतेय, तर फूटव्हॉल्व्ह बघा. आधी मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. शेतीची लाईट कधी येईल त्याचा भरवसा नसतो. स्टार्टर ऑटोवर असेल तर तुम्ही गुडघाभर पाण्यात असताना मोटर चालू होईल. केबल सोललेली दिसली किंवा पाण्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर लगेच बाहेर या आणि वायरमनला बोलवा. यात घासाघीस नको.

फूटव्हॉल्व्ह वर काढल्यावर बहुधा दिसतं ते असं: जाळीला सागाचं एकच मोठं पान ओलं होऊन घट्ट बसलेलं, त्याच्यावर बांबूची बारीक पाती, वरून चिकट काळा थर. मोटर जेवढं ओढते तेवढं ते पान आणखी आवळतं. मोटर बंद केली की पान सैल होऊन बाजूला तरंगतं, म्हणून लोकांना वाटतं की जाळी साफ आहे. व्हॉल्व्हची झडप उघडून आत बोट फिरवा. देठाचा तुकडा झडपेत अडकलेला असला तर झडप पूर्ण बसत नाही आणि रात्रीतून पाणी उतरतं. पाणी सोडण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण, आणि उपाय फुकटचा.

मग फूटव्हॉल्व्हची जागा बदला. तळाला ठेवला तर चिखल आणि कुजका पाला ओढतो, वर ठेवला तर तरंगता पाला. रिकाम्या प्लॅस्टिकच्या ड्रमला दोरीनं असा टांगा की तोंड पाण्याच्या पातळीखाली दीड-दोन फूट राहील आणि तळापासूनही तेवढंच वर. पाणी कमी झालं तर ड्रम आपोआप खाली येतो. भोवती बांबूचा सांगाडा करून शेडनेट गुंडाळा, पण पिंजरा मोठा ठेवा. जाळी जेवढी मोठी तेवढी ओढ कमी, आणि ओढ कमी म्हणजे पानं चिकटत नाहीत. फूटव्हॉल्व्हलाच शेडनेट आवळून बांधणं म्हणजे पाला अडवायची आणखी एक जागा.

पंपाच्या वरच्या अंगाला पाण्यात बांबू बांधायचा तर आडवा सरळ बांधू नका, तिरका बांधा. तिरक्या बांबूला लागून पाला काठाकडं सरकतो आणि एकाच जागेवरून काढता येतो. सरळ बांबूपुढं त्याचा बंधारा होतो.

ठिबकवाल्यांनी फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा गेज बघायची सवय लावावी. स्वच्छ फिल्टरला फरक थोडाच असतो. तो अर्ध्या किलोपर्यंत (चौरस सेंटिमीटरला) गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. ओढ्याच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, आधी सँड फिल्टर हवा, कारण कुजक्या पाल्याचा चिकटा जाळीतून दाबानं पार होतो. लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या ठिबक नळ्यांची, टोकं उघडून काळं पाणी जाईपर्यंत सोडा. एवढ्यानं भागलं नाही तर ॲसिड किंवा क्लोरीनचा उपचार येतो. तो ठिबकच्या जाणकाराकडूनच करून घ्या. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एका बादलीत तर सोडाच, एका दिवशीही वापरू नका.

मासे वर येत असतील तर

पहाटे येतात आणि दहा-अकराला खाली जातात, तर तो प्राणवायूचा प्रश्न. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू बनवत नाहीत, श्वास मात्र घेतात; त्यामुळं पहाटे साठा सर्वांत कमी. अशा वेळी मोठे मासे आधी जातात. तात्पुरता उपाय: मोटरनं तेच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत डोहात पाडा, पहाटे तीन-चारपासून उजाडेपर्यंत. तळ ढवळायचा नाही, नाहीतर खालचं विषारी पाणी वर येतं.

लहान-मोठे सगळेच मासे, बरोबर खेकडे, बेडूक, किडे, सगळं भर दुपारी एकदम मेलेलं दिसलं तर पाला विसरा. कीटकनाशक किंवा दुसरं काही पाण्यात गेलंय. मासे खाऊ नका, जनावरांना पाणी पाजू नका, आणि त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. मेलेले मासे दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून फारसे कामाचे राहत नाहीत.

पिण्याचं पाणी त्याच डोहातून असेल तर

इथं माझं काम संपतं. रंग स्वतः फार घातक नसतो, पण पाल्याचा अर्क क्लोरीन खातो. टाकीत नेहमीएवढी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकूनही नळाला क्लोरीन उरत नाही. जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याची तपासणी बघणारा माणूस) शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट करायला सांगा; त्यात पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. रंग आला नाही तर पाणी उकळून प्या आणि ग्रामपंचायतीकडून नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवायला लावा. पावडर किती जुनी आहे तेही विचारा, कारण पोतं उघडून पडलं की तिच्यातला क्लोरीन उडत जातो. मनानं दुप्पट पावडर ओतू नका.

जॅकवेलमध्ये (पाणीयोजनेच्या उपसा विहिरीत) किंवा साध्या विहिरीत पाला कुजून वास येत असेल तर आत उतरू नका, कंबरेला दोर बांधूनही नाही. तळाशी साचलेला वायू दोन-चार श्वासांत माणसाला पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. नाक बधिर होतं, त्यामुळं वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही. हे काम हवा सोडण्याची यंत्रणा असलेल्या माणसांचं.

बर्गे आणि जेसीबी

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपल्यावर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) बसले की वरून सांडणारं पाणी तळाला हात लावत नाही. तळाचा काळा थर तसाच वाढतो. तळातला एखादा बर्गा थोडा उचलून ते पाणी काढता येतं, पण तो निर्णय बंधारा ज्यांच्या ताब्यात आहे त्या विभागाचा. रात्री गुपचूप बर्गा ओढला तर ते सगळं काळं पाणी खालच्या गावाच्या जॅकवेलवर जातं, आणि उन्हाळ्याचं साठवलेलंही जातं. परवानगी मिळाली तर खालच्या गावाला आधी फोन करा आणि थोडं थोडं सोडा.

एवढं सगळं करूनही दर वर्षी त्याच जागी त्रास होत असेल तर तिथं गाळ भरलाय, ओढ्याचा उतार मेलाय. मग जेसीबी लागतो. ग्रामपंचायतीचा ठराव आणि संबंधित खात्याची परवानगी नसताना ओढ्यात मशीन घालू नका. मोरीच्या आणि पुलाच्या पायाजवळ तर कुणीही सांगितलं तरी खोदू नका. पाया उघडा पडला की पहिल्या पुरात रस्ता जातो. तिथं किती खोदायचं ते इंजिनिअरनं लेव्हल लावून सांगायचं. ड्रायव्हरला बांधावर उभं राहून हातवारे करून सांगायचं काम नाही ते. तारीख मार्च-एप्रिलची घ्या, आणि गाळ त्याच दिवशी ट्रॉलीत भरून शेतात न्यायची सोय आधी करून ठेवा.